बिनदोऱ्याच्या गाठ्या

शिवरात्र झाली की चंद्रप्पा रेणापूरहून निघतात. लातूरला मुलीकडे एक मुक्काम, मग अहमदपूर, लोहा करीत नांदेड. तिथून पाडव्यापर्यंत त्यांचा पत्ता म्हणजे जुन्या नांदेडातली उमाशंकर यांची गाठ्यांची भट्टी. होळीला लेकरांच्या गळ्यात आणि पाडव्याला गुढीवर जी साखरेची माळ घालतात, ती गाठी. वर्षभर तिला कोणी विचारीत नाही आणि या एका महिन्यात ती पुरत नाही. चंद्रप्पा हे काम तेहतीस वर्षे करीत आले. उरलेले अकरा महिने दोन एकर कोरडवाहू जमीन आणि लग्नसराईत आचाऱ्याचे काम. वय त्रेसष्ट. बायको जाऊन सात वर्षे झाली. मूळ गाव निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळे एकटे असले की ते अजून कानडीत पुटपुटतात. भट्टीवर त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मालकसुद्धा.

गाठीचे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते. साखरेत पाणी घालून कढई चढवायची, थोडे दूध सोडून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढायची, आणि पाक आला की लहान भांड्यात घेऊन घोटायचा. घोटता घोटता तो पांढुरका होऊ लागतो. तिथून पुढे हातात दोन-अडीच मिनिटे असतात. तेवढ्यात तो साच्यात गेला पाहिजे, नाहीतर भांड्यातच दगड होतो. साचा लाकडाचा, दोन फळ्यांचा. आतल्या बाजूला पदके कोरलेली असतात. त्यांच्या मधून दोरा टाकायचा, फळीवर फळी ठेवून सुतळीने आवळायचे आणि वरच्या भोकांतून डोयाने, म्हणजे लांब दांड्याच्या पळीने, पाक ओतायचा. दोऱ्याची दोन्ही टोके साच्याबाहेर लोंबत राहतात. साचे धुणे, दोरे टाकणे आणि साचे आवळणे हे नागुबाईचे काम. पाक ओतणे अण्णांचे.

गेल्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी अण्णांनी चाळीस साचे बिनदोऱ्याचे ओतले.

साचे उघडले तेव्हा माळेऐवजी सुटी पदके फरशीवर खडखड करीत पडली. भट्टीवरची माणसे पोट धरून हसली. मालकांनी विचारले की आता या लेकरांच्या गळ्यात कशा घालायच्या, डिंकाने चिकटवून का? नागुबाई म्हणाली, अण्णांनी यंदा खिशात ठेवायच्या गाठ्या काढल्या. नुकसान म्हणावे असे काही झाले नाही. पदके पुन्हा कढईत गेली, तासाभरात काम सुरू झाले आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट विनोदाची होऊन गेली.

अण्णांच्या दृष्टीने ती विनोदाची नव्हती. मालकांनी नंतर बाजूला घेऊन सहज विचारले होते की ओतण्याआधी दोरे पाहिले नव्हते का? अण्णांनी उत्तर दिले होते, "पाहिले होते." आणि ते खोटे बोलले नव्हते. त्यांना खरोखरच पाहिल्याचे आठवत होते. जे नव्हते ते पाहिल्याचे आठवते, याचीच त्यांना धास्ती बसली.

धास्तीला कारण होते. त्यांच्या थोरल्या भावाचे असेच सुरू झाले होते. बैलांना पाणी पाजले, असे तो ठामपणे सांगे आणि बैल तहानेने दावणीला जीभ चाटत उभे असत. पुढे दोन वर्षांनी एका सकाळी त्याने स्वतःच्या बायकोला विचारले की बाई, हे घर कुणाचे? त्यानंतर तो चार वर्षे जगला. त्या चार वर्षांत अण्णा दर अमावस्येला गावी जात आणि दर वेळी भावाला आपले नाव सांगत.

वर्षभर अण्णांनी कोणाला काही कळू दिले नाही. लग्नाच्या स्वयंपाकात आणि घरीही मीठ घातले की डब्याचे झाकण उलटे ठेवायचे, अशी खूण त्यांनी करून घेतली. झोपण्यापूर्वी लातूर ते नांदेड रस्त्यावरचे थांबे मनात म्हणायचे, एखादा अडला की उठून बसायचे. शेवटी दिवाळीला घरी आलेल्या मुलीने, मंजुषाने, ते झाकण पाहिले आणि विचारून विचारून सगळे काढून घेतले. ती लातूरला शाळेत शिक्षिका आहे. तिला उत्तर मिळाल्याशिवाय प्रश्न सोडता येत नाही.

तिने त्यांना लातूरमधल्या एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तारीख, वार विचारला, घड्याळाचे चित्र काढायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. सुरुवातीला तीन शब्द सांगितले होते, ते शेवटी विचारले. अण्णांना दोन आठवले. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून काही ठरत नाही. विसरणे वेगळे आणि मुळात लक्षच नसणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पाडवा झाला की पुन्हा या. तोपर्यंत एका वेळी एकच काम करा, आणि करताना त्याच्याकडे बघा.

मंजुषाने मग मोबाइलवर ध्यानाचे काहीतरी लावून दिले. त्यात एक बाई हळू आवाजात श्वासाकडे लक्ष द्या म्हणून सांगत असे. अण्णांनी आठवडाभर दिले. श्वासाकडे लक्ष दिले की तो अडखळे, आणि अडखळला नाही तर त्यांना झोप लागे. आठव्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितले की ती बाई चांगली आहे, पण तिला दुसरे काही काम नसावे.

निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट तिला सरळ सांगून टाकली. यंदा तसे पुन्हा एकदा जरी झाले, तरी डोया तिथेच खाली ठेवायचा आणि तुझ्याकडे येऊन बसायचे. उकळत्या साखरेपाशी भरवशाचा नसलेला माणूस नको. मंजुषाने वाद घातला नाही. तिने त्यांच्या पिशवीत चपात्यांचा डबा ठेवला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाडव्यानंतरची तारीख लिहिली.

यंदा भट्टीवर आल्यावर अण्णांनी पहिल्या दिवसापासून एक सवय धरली. जे करायचे त्याला हात लावायचा आणि मनाशी शब्द उच्चारायचा. आता झारा. आता दूध. आता टोक. ओतण्यापूर्वी साच्यांच्या ओळीवरून डाव्या हाताचे बोट फिरवीत जायचे आणि प्रत्येक दोऱ्याचे टोक बोटाला लागले की "नोडु" म्हणायचे. नोडु म्हणजे कानडीत बघ. लहानपणी विहिरीवर पाणी शेंदताना आई हे म्हणत असे.

नागुबाईच्या कानावर ते पडायला वेळ लागला नाही. ती पन्नाशीची, भट्टीच्या मागच्याच गल्लीत राहणारी, जिभेने तिखट आणि आठवणीने पक्की. कोणत्या सालच्या होळीला कोण रुसून गेले होते आणि कोणाचे साचे तडकले होते, हे तिला विचारावे.

"काय अण्णा, साच्यासंगं बोलून राहिले का?" तिने विचारले.

"हाव."

"आन् साचा काय म्हणून राहिला?"

"म्हणतो, नागुबाईला कमी बोलाय सांगा."

पण दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाला त्यांनी तिला खरे ते सांगितले. भावाचेही सांगितले. कोणीतरी साक्षीदार असल्याशिवाय आपल्या डोक्याची परीक्षा आपल्याला घेता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी तिच्याकडे एक मागणे मागितले. ते घाटाजवळच्या खोलीवरून भट्टीकडे चालत येतात. रोज सकाळी येताना काल नव्हती अशी एक गोष्ट पाहून तिला सांगायची. तिने फक्त लक्षात ठेवायचे. एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तर तसे तोंडावर सांगायचे, कीव करायची नाही. नागुबाई, कधी नव्हे ते थट्टा न करता, म्हणाली की बरं.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, ऊन नवे आहे. नागुबाईने ते फेटाळले. ऊन रोजच नवे असते, ते चालणार नाही. मग ते पाहू लागले. घाटावरच्या पिंपळाची पाने रात्रीतून निम्मी गळाली होती. चार दिवसांनी त्याच पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटली, इतकी पातळ की पलीकडचे आभाळ दिसे. गोदावरीचे पाणी उतरून घाटाची एक पायरी उघडी पडली, तिच्यावर कोणाची तरी जुनी पितळी घंटी होती. सावरीच्या लाल फुलात चोच घालून बसलेला कावळा. वळणावर माठ विकायला बसलेला कुंभार, त्याच्या गाडीखाली ओले गवत. शेंगा वाळलेल्या शिरीषाचा वाऱ्यावरचा खुळखुळ आवाज. एका वाड्याच्या भिंतीआड चिंचेवर चढून कोणी काठीने चिंचा झोडीत होते आणि खाली लुगडे पसरून दोघी बायका उभ्या होत्या. दुसऱ्या कोणत्या ऋतूत हे जमले असते की नाही, सांगता येत नाही. फाल्गुनात झाडे तरी रोज काहीतरी बदलतात.

हळूहळू चालण्याला वेळ लागू लागला. दहा मिनिटांच्या रस्त्याला वीस मिनिटे, म्हणून अण्णा लवकर निघू लागले. होळीच्या गाठ्या पार पडल्या. एकही साचा चुकला नाही. मालकांनी ते बोलून दाखवले नाही, पण ओतताना शेजारी उभे राहायचे बंद केले. अण्णांना झोप लागू लागली आणि रस्त्यावरच्या थांब्यांची उजळणी आपोआप सुटली.

पाडव्याला सहा दिवस उरले असताना त्यांनी येऊन सांगितले की कडुलिंबाला फूल आले, शाळेच्या कोपऱ्यावर वास येतो.

नागुबाई दोरे कापीत होती. तिचा हात थांबला. "ते तुमी काल सांगितलं, अण्णा."

"काल मी टरबुजाचं सांगितलं."

"टरबूज परवा. काल लिंबाचं फूल. शाळेपासच्या."

अण्णांनी कढई चढवली, मळी काढली, टोकांवरून बोट फिरवीत साचे ओतले. त्या दिवशी त्यांचे सगळे काम बिनचूक झाले. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. काल शाळेच्या कोपऱ्यावर आपण थांबलो होतो का, हे ते पुन्हा पुन्हा आठवून पाहत होते आणि तिथे त्यांना काहीच सापडत नव्हते. संध्याकाळी मंजुषाचा फोन आला, तेव्हा त्यांनी सगळे ठीक आहे असे सांगितले. डोया अजून खाली ठेवला नव्हता. साचा चुकला नव्हता. ठरले होते ते साच्याचे ठरले होते.

पुढचे दिवस ते रोज नवी गोष्ट आणत राहिले. नागुबाईने एकदाही हरकत घेतली नाही. तिची थट्टा मात्र थोडी उतरली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा घाणा होता. बाजारातून माणसे दारात येऊन उभी होती, मालक त्यांना थोपवीत होते. अण्णांनी पाक भांड्यात घेतला, घोटला, तो पांढुरका होऊ लागला. नागुबाईने तीस साच्यांची ओळ पुढे सरकवली. अण्णांनी डोया भरून घेतला आणि डाव्या हाताचे बोट पहिल्या साच्याच्या कडेवर ठेवले. बोटाला ओले लाकूड लागले. दुसऱ्या साच्याला लाकूड. तिसऱ्याला लाकूड.

"दोरे न्हाईत," ते म्हणाले.

"लावले की अण्णा. ह्याच हातानं लावले." नागुबाईने वर न पाहताच सांगितले.

अण्णा थांबले. भट्टीवरची सगळी माणसे थांबली. गेल्या वर्षीचे सगळ्यांना आठवत होते. गेल्या वर्षी नसलेले दोरे दिसले होते, यंदा असलेले दिसत नसतील, हा विचार अण्णांच्याही मनात येऊन गेला. नागुबाईची आठवण पक्की आणि त्यांची काय आहे ते त्यांना पाच दिवसांपूर्वी कळले होते. डोयातला पाक कडेने घट्ट होऊ लागला. ओतला तर आत्ताच, नाहीतर नाही. मालक दारातून ओरडून विचारीत होते की काय झाले.

अण्णांनी पुन्हा पहिल्या साच्यापासून बोट फिरवले, या वेळी सावकाश. टोक लागले नाही.

"साचा उघड," ते म्हणाले.

"पाक बसंल, अण्णा."

"बसू दे."

तिने सुतळी सोडली आणि वरची फळी उचलली. आत पदकांचे रिकामे खड्डे होते, धुतल्याचे पाणी अजून त्यात होते. दोरा नव्हता. तिने दुसरा उघडला, मग तिसरा. तोपर्यंत भांड्यातला पाक दगड झाला होता आणि डोया त्यात उभा राहिला होता.

झाले असे होते. साचे धुतले की जोडीच्या फळ्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून नागुबाई त्या तशाच आवळून डाव्या हाताला ठेवी, आणि दोरे टाकून तयार झालेले साचे उजव्या हाताला. दोन्ही आवळलेलेच. दारातल्या गर्दीला जागा करताना कोणीतरी दोन्ही ओळी सरकवल्या होत्या, आणि तिने धुतलेली ओळ तयार म्हणून पुढे केली होती. तयार साचे मागे पोत्याआड जसेच्या तसे होते, तीसच्या तीस, टोके लोंबत असलेले.

मालक आले. भांड्याकडे पाहून त्यांनी विचारले की पाक कसा बसला?

अण्णा म्हणाले, "माझा हात थांबला. दुसरा घाणा चढवतो, अर्ध्या तासात देतो."

मालकांनी अण्णांकडे पाहिले, उघड्या साच्यांकडे पाहिले आणि गिऱ्हाइकांना चहा सांगायला गेले. कढई चढली, साखर विरघळली, नागुबाईने तयार साचे पुढे आणले आणि प्रत्येकाची टोके ओढून दाखवली. शेवटची गाठी निघून माणसे गेल्यावर ती हातपाय धुऊन आली आणि अण्णांच्या समोर उकिडवी बसली.

"गेल्या साली बी असंच झालं आसंल," ती म्हणाली.

"आसंल का झालं?"

"झालं. तुमी ओतून राहिले तवा मी पाणी प्यायला गेलते. येऊन बघते तर धुतलेली ओळ दिसंना. तवाच मनात आलं. मग सगळे हासाय लागले, मी बी हासले." ती पदराच्या टोकाला गाठ मारीत राहिली. "तुमी म्हणले, दोरे पाहिले होते. मला वाटलं, म्हणतेत तर आसंल. तुमी असं मनाला लावून घेसाल हे काय ठावं? यंदा तुमी भावाचं सांगितलं त्या दिशी बोलायचं होतं. तोंड उघडंना."

अण्णा बराच वेळ फरशीवर सांडलेल्या साखरेकडे पाहत होते. आपण गेल्या वर्षी काय पाहिले होते, हे आता त्यांना स्पष्ट आठवले. आवळलेले साचे पाहिले होते. आवळले म्हणजे दोरा आहे, असे तेहतीस वर्षे चालत आले होते, म्हणून दोरे पाहिले असे म्हटले. टोकांकडे त्यांनी पाहिलेच नव्हते. न पाहिलेले विसरता येत नाही. एक अख्खे वर्ष त्यांनी डब्यांची झाकणे उलटी ठेवली होती. नागुबाईचा राग यायला हवा होता, तो आला नाही. आला असता तरी काय करायचे, हे त्यांना सुचले नसते.

"आन् लिंबाच्या फुलाचं?" त्यांनी विचारले. "ते खरंच आदल्या दिशी सांगितलं होतं का?"

नागुबाईने त्यांच्याकडे पाहिले. कीव करायची नाही, असे ठरले होते.

"हाव," ती म्हणाली. "ते सांगितलं होतं."



पाडव्याच्या सकाळी त्यांनी मालकांच्या दारची गुढी पाहिली, त्यांच्याकडून पुढच्या शिवरात्रीचा सांगावा घेतला आणि लातूरची गाडी धरली. पिशवीत नातीसाठी, शिवांगीसाठी, एक गाठी होती. लोह्याच्या पुढे माळावर पळसाचा भर ओसरला होता, फुले झाडाखाली पडून काळपट झाली होती. शेतांतून ज्वारीच्या कडब्याच्या गंजी लागल्या होत्या. ते खिडकीशी बसून लातूरपर्यंत बाहेर पाहत आले.

डॉक्टरांनी सगळे पुन्हा विचारले. तारीख, वार, घड्याळ, वजाबाक्या. शेवटी तीन शब्द विचारले. अण्णांनी दोन सांगितले, थोडे थांबले आणि म्हणाले, "तिसरा येईना. पण तुमी सांगितला तवा खालून ट्रॅक्टर गेला, आन् तुमी तो शब्द दोनदा सांगितला."

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. अण्णांनी मग त्यांना भट्टीवरची हकीकत सांगितली. साच्यांची चूक आठवणीची नव्हती आणि लिंबाच्या फुलाची होती, असे त्यांनी सांगितले, आणि दोन्हींत काय फरक होता तेही. मंजुषा शेजारी बसून ऐकत होती. तिला बरेचसे नवीन होते. डॉक्टर म्हणाले, भावाचे जसे झाले तसे होईल असे आज तरी दिसत नाही, होणार नाही असेही लिहून देत नाही. सहा महिन्यांनी या. कामाचे विचारल्यावर ते म्हणाले, जो माणूस पाक बसू देतो आणि साचा उघडायला सांगतो, त्याला कढईवरून उठवायचे कारण मला दिसत नाही.

दोन दिवसांनी अण्णा रेणापूरला पोचले. घर महिनाभर बंद होते. त्यांनी झाडलोट केली, चूल सारवली आणि मिठाच्या डब्याचे झाकण सुलटे लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसले असताना फोन वाजला. नागुबाईचा होता. तिने एरवी कधी फोन केला नव्हता. मागून तिच्या गल्लीतल्या नळावरचा गलका ऐकू येत होता.

"हं, सांगा," ती म्हणाली.

अण्णांनी इकडे तिकडे पाहिले. मग उठून अंगणाच्या कडेला गेले. शेजारच्या बांधावरच्या आंब्याला गोट्यांएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या आणि वाऱ्याने पडलेल्या दोन-चार मातीत होत्या. त्यांतली एक मुंगळ्यांनी अर्धी पोखरली होती. त्यांनी ते सगळे सांगितले.

नागुबाई एकेक दिवस आठवून पाहत असावी.

"हे न्हवतं सांगितलं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.